वीतभर

पाथर्डी फाटा, नाशिक
शुक्रवार

प्रिय धम्मा,

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तू द्राक्षांचे क्रेट हलवतोस असं कळलं. बरं झालं. द्राक्षं निदान "लवकर उचल" म्हणून ओरडत नाहीत. इकडे साइटवर सिमेंटपेक्षा घाईच जास्त येऊन पडते. भिंती सातव्या मजल्यापर्यंत चढल्या. त्याच, कारखान्यात ओतलेल्या, चार-चार टनांच्या, खिडकीची जागा आधीच सोडलेल्या. क्रेनला लटकून वर जाताना त्या खिडकीतून कधी पांडवलेणीचा डोंगर दिसतो, कधी नुसतं आभाळ.

तू प्रत्येक भिंत जमिनीपासून वीतभर उचलून थांबायचास. खाली मी हात वर करून उभा, वर क्रेनच्या केबिनमध्ये तू. भिंत पेलणारा बेल्ट ताणला, हूक सरळ झाला, भिंत डुलायची थांबली, की मगच वर. मी खालून बोंबलायचो, "अरे, पाळण्यात घातलंयस का तिला?" तू म्हणायचास, "तिचं वजन तिला कळू दे, प्रफुल्ल." तेवढा वेळ अख्खी साइट गप्प व्हायची. तू गेल्यावर साहेबांनी ते थांबणं बंद केलं. दिवसाला चाळीस मिनिटं वाचली म्हणे. ती कुठे ठेवली, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

पण भिंत माझ्या दुपारच्या डुलकीत यायला लागली. वीतभर वर. ना हलते, ना पडते, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. तिच्या खिडकीत तू बसलेला, आणि बोलत नाहीस. लेका, जागेपणी एवढा बडबड्या माणूस!

बुधवारी नवा ऑपरेटर सुनील भिंत उचलत होता आणि माझा हात आपोआप वर गेला. "काका, आता काय?" म्हणून वैतागला, पण थांबला. भिंत मंद फिरली, खिडकीत उन्हाचा चौकोन आला, आणि बेल्ट काठापासून जुन्या गोधडीसारखा उसवत गेला. भिंत वीतभरच पडली. कोपरा फुटला, धुरळा उडाला, बस. वर सातव्या मजल्यावर ती धरून घ्यायला पेठचा बारकू दोन्ही हात पसरून उभा होता.

बेल्ट तोच. फेब्रुवारीत ज्याच्यावरची चीर दाखवून, "याच्यानं मी उचलणार नाही," म्हणत तू केबिनमधून उतरलास, तो. साहेब म्हणाले, नाटकं. आणि चौकशीच्या कागदावर मी लिहिलं, 'बेल्ट ठीक, ऑपरेटर कामचुकार.' त्या एका ओळीवर तुला काढलं. चीर मी बघितली होती, धम्मा. नखाएवढी. तुझ्याआधी बघितली होती.

आज सकाळी हेच लिहून, सही करून ऑफिसात दिलं. नक्कल सोबत जोडलीय. जिथे दाखवायची तिथे दाखव. मला बहुतेक काढतील. मग तुमच्याकडचा एखादा क्रेट माझ्यासाठीही राखून ठेव. पण मला ठेवलंच, आणि तुला परत बोलावलंच, तर ये. मी खाली हात वर करून उभा राहीन. तुला वाटेल तितका वेळ. पाळण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

तुझाच,
फार उशिरा थांबायला शिकलेला
प्रफुल्ल