न्यूयॉर्कच्या हद्दीबाहेर

३ फेब्रुवारी
आलं पत्र. न्यूयॉर्क राज्याच्या करखात्याला अजून माझ्या पगारात वाटा हवाय! कंपनी शिकागोची. मी इथं न्यू हॅम्पशायरात भाड्याच्या खोलीत बसून तिचं काम करतो, इथं पगारावर कर नाही — यांचा संबंध काय? म्हणे, बायको न्यूयॉर्कमधल्या ट्रॉय गावच्या घरात राहते, म्हणजे तुमचंही घर तेच. लेकाचे लुटारू.

५ फेब्रुवारी
करखात्याच्या डेलुकाबाईंचा फोन. "कुत्रा कुठं असतो तुमचा?" ज्यांच्यावर जीव असतो त्या गोष्टी जिथं, तिथं माणसाचं घर धरतात म्हणे. पिकल्स ग्रेचनकडे असतो. म्हटलं, म्हातारा झालाय, बायकोलाच ठेवू दिलाय. बाईनं तेही लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी
ग्रेचनला बेनिंग्टनला बोलावलं, हद्दीअलीकडच्या नेहमीच्या हॉटेलात. दर वेळी गाडी हाकत तीच येते. मी पलीकडे पाऊल टाकलं की न्यूयॉर्क अख्खा दिवस माझ्या नावावर मांडतं, दिवस जास्त झाले की कर आलाच. म्हटलं, चौकशी संपेपर्यंत पिकल्सला नेतो. "तो ओळखेल का तुला?" म्हणाली, आणि पॅनकेकवर पाक ओतत बसली.

मग पुन्हा ते ऑपरेशन उकरून काढलं. तिची गाठ काढली तेव्हा मी गेलो नाही, हे. मी स्वतः इस्पितळात पडलो तर ते दिवस मोजत नाहीत, बायको पडली तर मोजतात. हा नियम काय मी केला? त्या वर्षी माझे दिवस अगदी काठावर आले होते. शेजारच्या डोरीननं नेलं की तिला!

१४ फेब्रुवारी
मी तिथं राहत नाही असं बायकोनं शपथेवर लिहून द्यावं — डेलुकाबाईंची नवी टूम. ग्रेचन अडवून धरणार. सूड घ्यायला बरी सापडलीय वेळ.

१९ फेब्रुवारी
दिलं लिहून! वाद नाही, काही नाही. मलाही प्रत पाठवली. "हा माणूस माझ्याबरोबर राहत नाही. माझ्या ऑपरेशनलाही आला नाही. तो परत येईल असं मला वाटत नाही." शेवटचं वाक्य कुणी मागितलं होतं? फोन केला, उचलत नाही.

१२ मार्च
जिंकलो. डेलुकाबाई म्हणाल्या, तुमच्या बायकोचं वाचल्यावर शंकाच उरली नाही. उद्या ट्रॉयला जाणार. एक दिवस मोजला तर मोजू देत.

१३ मार्च
किल्ली लागली नाही. आतून पिकल्स भुंकत राहिला, परक्यावर भुंकतो तसा.