बिल घरी येत नाही

प्रिय मच्छिंद्र,

त्या सकाळी शेण काढून झालं होतं, शेळ्या सोडायच्या होत्या आणि तव्यावर भाकरी नुकती फुगली होती. तू पाण्याची कळशी घेऊन अंगणात आलास आणि मला दिसलं, तुझी उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. मी नवी नवरी, तू पहिलीतला. विचारलं तर म्हणालास, काय न्हाई वहिनी, आसंच. संध्याकाळी पाय टम्म सुजला. बाभळीचा काटा आत मोडला होता. का सांगितलं नाहीस, तर म्हणे डॉक्टर पैसे घेतो. तुझे दादा हसले, म्हणाले, आमच्या घराण्याची खोडच हाय ती.

त्याच वर्षी तुझ्या पुस्तकाशेजारी भाजी निवडत बसून मी अक्षरं जुळवायला शिकले. तेव्हापासून दिसेल ते वाचते, पुडीचा कागद असो नाहीतर एसटीवरची पाटी. त्याचा उपयोग कुठे झाला, ते पुढे लिहिते.

घरचं सांगते. काळ्या शेळीला जुळी करडं झाली. ज्या बांधाच्या मारामारीपायी तुम्ही दोघं भाऊ आत गेलात, तिकडे आता कुणी फिरकत नाही, नुसती कुसळं माजलीत. मी अजून तुम्हा दोघांचंही पीठ मळते आणि उरलेली भाकरी शेळ्यांना घालते. सवय जात नाही. दादा प्रत्येक भेटीत काचेपलीकडून म्हणायचे, लई बरं हाय. मीही तेच म्हणायचे. जेलच्या त्या खिडक्यांत सगळेच बरे असतात. मग एक दिवस ते गेलेच. छातीचं दुखणं, कधी बोलले नाहीत, असं जेलवाल्यांनी मला सांगितलं.

नंतर तुझ्या भेटीला आले, तेव्हा रांगेत भिंतीवर नवा रंगवलेला फलक दिसला. बंद्यांवर मोफत उपचार केले जातात, असं लिहिलेलं. मी दोनदा वाचलं आणि शिपायाला धरलं. म्हटलं, बाहेरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, छाती उघडली, तरी? तो म्हणाला, तरी, मावशी. सरकार भरतं. तुमच्या घरी कोण येणार बिल घेऊन?

आणि खिडकीत तू आलास. डावखुरा माणूस, पण फोन उजव्या हातात. डावा हात मांडीवर मेल्यासारखा. म्हणालास, लई बरं हाय वहिनी. मला ती टाच आठवली. फोन टाकून मी काचेवर थाप मारली आणि ओरडले, मच्छ्या, बिल घरी येत न्हाई! छाती दुखती का न्हाई ते बोल!

तू रडलास. शेजारच्या खिडकीवरची नेवाशाची खुर्शीद तिच्या नवऱ्याला, मोहियोद्दीनला म्हणाली, ऐकलं ना? मग दाखवा ती गाठ. त्याने सदरा वर केला. पलीकडच्याने सडका दात दाखवला, त्याच्या पलीकडच्याने पाय. शिपाई डोक्याला हात लावून म्हणाला, मावशी, ही मुलाखतीची जागा हाय, दवाखाना न्हाई. पण त्यानेच आत जाऊन वर्दी दिली, आणि त्याच संध्याकाळी तुला मोठ्या दवाखान्यात हलवलं. काळजाच्या नळीत जाळी बसली. वाचलास. मी पुढे महिनाभर पोस्टमनला मुद्दाम अडवून विचारत होते. एक कागद आला नाही! मोहियोद्दीनची गाठही निघाली. खुर्शीदने आपल्याकडे येणाऱ्या जामखेडच्या एसटीत कंडक्टरकडे माझ्यासाठी बिर्याणीचा डबा दिला. मी सगळ्या आळीला वाटली.

परवा मी आले तर आतून निरोप आला, मच्छिंद्र भेटायला येत नाही म्हणतो. मला कळलं. तुम्ही दोघं एकाच बराकीत होता. दादांची छाती दुखायची, ते तुला ठाऊक होतं. माझ्या शेळ्या बिलात जातील म्हणून, कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी तुला शपथ घातली असणार, तीही माझीच. बाळा, हे मला त्या डाव्या हाताकडे बघतानाच उमजलं होतं. उमजलं, आणि मगच मी काचेवर थाप मारली. ते गेले, तो भार तुझा नाही. तू राहिलास, हे मात्र माझं आहे, आणि ते मला खिडकीत बघायचं आहे. एवढ्यासाठीच लिहायला बसले. तू नाही म्हणालास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने पुन्हा जेलवर गेले आणि सोमवारच्या भेटीसाठी नाव देऊन आले.

तुझीच वहिनी,
रतन