एकाच दुकानाची दोन लुगडी

मुक्काम चांदूर बाजारजवळ, माघ वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप शालिकराम भाऊजी यांच्या पायांशी धाकट्या साळ्याचा, म्हणजे किसनाचा, दंडवत. इकडे सर्व ठीक आहे. गाय आटली, वांगी बरी आली, पोरगी गळा काढून रडते, म्हणजे तब्येतीने चांगली आहे. तुमचा गुडघा, तुमची कपाशी आणि आमच्या बाईचा राग या तिघांचे वर्तमान कळवावे. पहिल्या दोघांचे राहिले तरी चालेल.

हे पत्र तुम्ही बाईला वाचून दाखवणार हे मी धरूनच चाललो आहे, कारण माझी थोरली बहीण स्वतः वाचत नाही आणि तुम्ही तिला नाही म्हणत नाही. म्हणून एक सोय केली आहे. कंसाबाहेरचे मोठ्याने वाचा, कंसातले मनात वाचा. (मनात वाचताना ओठ हलवू नका. तिला ओठ वाचता येतात. लहानपणी मी मनातल्या मनात शिवी दिली तरी तिचा धपाटा बरोबर पाठीत बसे.)

झाले ते तुम्हाला अर्धेच माहीत आहे. बारशाच्या वेळी तुम्ही ओसरीवर पान लावत बसला होतात; आत काय घडले ते कळायच्या आधीच तुम्हाला दमणी जुंपायचा हुकूम आला आणि तुम्ही तोंडातल्या विड्यासह गाडीत बसलात. तेव्हा मुळापासून सांगतो. आठ वर्षांनी आमच्या घरात पाळणा बांधला. नाव ठेवायला आत्या दोन, पार्बताबाई, म्हणजे आपली बाई, आणि धाकटी जमुना. दोघींना लुगडे सारखेच हवे, हे मला माणिकबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, बाळंतिणीच्या खाटेवरून इतक्यांदा बजावले की मी झोपेतही मान हलवत होतो.

अमरावतीला वांगी विकून मी केशवराव आणि मंडळींच्या कापडाच्या दुकानात गेलो. जांभळे लुगडे, पिवळा काठ, पदर असा की बघतच राहावे. पण तसे एकच होते. दोन बहिणी आणि एक लुगडे, म्हणजे घरात आगकाडी नेण्यासारखेच. मुनीम म्हणाला, घाबरू नका, आमचे अकोल्यालाही दुकान आहे, कापडाच्या याच गाठीतले याच्या जोडीचे तिथे मिळेल. मग काय, वांग्यांची रिकामी पोती ओळखीच्या गाडीवाल्याच्या स्वाधीन केली, ते एक लुगडे बगलेत मारले, आणि अमरावतीहून बडनेरा व बडनेऱ्याहून अकोला असा निघालो. डब्यात एवढी गर्दी की लुगड्याला बसायला जागा मिळाली आणि मी उभा. (हे मोठ्याने वाचायला हरकत नाही. उलट दोनदा वाचा.)

अकोल्याच्या दुकानात जोडीचे लुगडे अगदी तसेच निघाले. पैसे दिले, दोन्ही लुगडी बगलेत घेतली आणि दाराशी आलो, तो दारवानाने मनगट धरले. दोन नेतो आणि पैसे एकाचे देतो? दोन्हींच्या घडीतून याच दुकानाच्या नावाची चिठ्ठी डोकावत होती. मी अमरावतीचे नाव घेतले तर तो हसला. चार माणसे जमली. तेवढ्यात तिथल्या मुनिमाने घडीत बोट घालून दोन्ही चिठ्ठ्यांवरचे भाव वाचले आणि म्हणाला, "सोड त्याले. या भावाचं लुगडं आपल्या दुकानात नाईच." अमरावतीच्या लुगड्याचा भाव सहा आण्यांनी जास्त होता, भाऊजी! त्या सहा आण्यांनी मला चोर होण्यापासून वाचवले. मी त्यांना मनोमन हात जोडले आणि तिथेच चूक केली. हेच सहा आणे चार दिवसांनी माझ्या घरी येऊन माझा गळा धरतील हे मला काय ठाऊक.

तुम्ही म्हणाल, चिठ्ठ्या काढून का टाकल्या नाहीस. अहो, आत्याच्या मानाचे लुगडे घडी न मोडता द्यायचे असते. घडी मोडायचा मान तिचा. चिठ्ठी घडीच्या आत टाचलेली. ती काढायची तर घडी मोडायला हवी, आणि घडी मोडली तर लुगडे वापरलेले आहे अशी शंका पहिल्यांदा कोणाला आली असती? (उत्तर मनात द्या.)

तर पाळण्यापाशी दोघींच्या ओटीत लुगडी घातली. दोघींनी घडी उकलली. आमच्या शेजारची गंगूबाई चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि गावाला त्याचा पश्चात्ताप होईल अशी व्यवस्था ती नेहमी करते. तिने दोन्ही चिठ्ठ्या खणखणीत वाचल्या. जमुनाचे महाग, बाईचे स्वस्त. बाई काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. लुगडे परत घडी करून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "काहून रे किसना, मी का परकी झाली? जिले महाग घेतलं, तिच्या तोंडानं नाव ठेव." जमुना म्हणाली, मोठी असताना मी नाव ठेवणार नाही. मोठी तर दमणीत बसलेली. पोरगी पाळण्यात, बाया पाळण्याभोवती, घुगऱ्या परातीत, आणि नाव कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाव विचारायला निघालो. केशवरावांच्या प्रत्येक दुकानावर तीच पाटी आहे : एक बोल, एक भाव. मी अमरावतीच्या मुनिमाला पाटी दाखवली. तो म्हणाला, अकोला मोठ्या लाइनीवर आहे, गाठ स्टेशनात उतरली की दुकानात. आमची बडनेऱ्याला उतरते, दुसऱ्या गाडीत चढते, हमाली दोनदा. शिवाय इथे गिऱ्हाईक वकील आणि कचेरीवाले, त्यांना स्वस्त सांगितले तर माल हलका वाटतो. अकोल्याचा मुनीम म्हणाला, हमाली कसली, त्यांच्या दुकानात विजेचा पंखा आहे, त्याचा वारा गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो. आणि आमच्यासमोर दोन नवी दुकाने निघाली आहेत, आम्ही एक आणा चढवला तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडते. येताना त्यांच्याच चांदूर बाजारच्या दुकानात डोकावलो, तर तिथे तेच लुगडे दोघांपेक्षा महाग! तो म्हणाला, आम्ही पैशासाठी पीक निघेपर्यंत थांबतो, थांबायचे काही लागत नाही का? आणि पाटी? तिघेही म्हणाले, पाटी खरी आहे, या दुकानात एकच भाव आहे.

मी घरी येऊन ओसरीवर केशवरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. माणिकबाई आतून म्हणाली, "तुमी एकाच वाफ्यातलं वांगं चांदूरले एका भावानं अन् अमरावतीले दुसऱ्या भावानं इकून राहिले ना? वांगं कदी रुसलं काय?" भाऊजी, मी उठून गाईला पाणी दाखवायला गेलो. ती बाळंतीण आहे, तिच्याशी वाद घालायचा नाही असे वैद्यांनी सांगितले आहे. (वैद्यांनी असे काही सांगितलेले नाही.)

आता पुढचे बाईला अगदी सावकाश वाचून दाखवा. बाई, जमुनाचे लुगडे मी वांगी विकता विकता घेतले, वाटेतच दुकान होते. तुझ्या लुगड्यासाठी मी अकोल्यापर्यंत उभ्याने गेलो आणि भर दुकानात माझे मनगट धरले गेले. याची चिठ्ठी कोणी टाचत नाही. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तू मला कडेवर घेऊन शेतात निंदायला जायचीस आणि आपल्या भाकरीतला पापुद्रा मला काढून द्यायचीस. तुला मी स्वस्तातले देईन असे तुला वाटले, याचे मला फार वाईट वाटले. या पोरीसाठी तू आठ वर्षे सोमवार धरलेस. तिच्या कानात कुर्र करायला तू नाहीस तर आम्ही कोणाला बोलवायचे?

आणि जमुना सुखात आहे असे समजू नकोस. तिला कोणीतरी सांगितले की गाठी आधी अकोल्याला फुटतात, ताजा माल तिथे राहतो आणि उरलेला अमरावतीला येतो. तेव्हापासून तीही रुसली आहे. तिला तुझे लुगडे हवे. तू ये, दोघी आपापसात लुगडी बदला, गावच्या बाया तुझ्या पाठीत बुक्के मारायला हात चोळत बसल्या आहेत.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना गालगुच्चे, बैलांना थाप.

तुमचा,
किसन

ता. क. (हे सगळे मनात.) भाऊजी, येताना अकोल्याच्या दुकानातून तसेच आणखी एक जांभळे लुगडे आणा. माणिकबाई म्हणते, नणंदांचे झाले, बाळंतिणीचे काय? अमरावतीचे नको. सहा आणे काय झाडाला लागतात? चिठ्ठी तिथेच काढून घ्या, घडी मोडली तरी चालेल, पण दारातून बाहेर पडल्यावर काढा.

ता. क. दुसरा. (हा मोठ्याने.) काल पोलिस पाटील जन्माची नोंद करायला आले. मुलीचे नाव विचारले. मी म्हटले, आत्या यायची आहे. पाटलांना ऐकू कमी आणि घाई जास्त. त्यांनी नावाच्या रकान्यात तेवढेच लिहून नेले. बाई, आता सरकारदरबारी तुझ्या भाचीचे नाव "आत्या यायची आहे" असे आहे. लवकर ये, नाहीतर शाळेत हजेरीच्या वेळी पोरगी रोज दाराकडे बघेल.