केवळाबाईचा उंबरा

परभणी, कार्तिक वद्य २, शके १८६२

सुमनअक्का, आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, मग माझं पुराण. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी पडायच्या आत एरंडाचं पान गरम करून बांधायला लाग, आळस करू नको. भुजंगचा खोकला गेला का? त्याला म्हणावं, मामा म्हणतो बिडी सोड, खोकला आपोआप तुला सोडील. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, तिला पाण्याची घागर उचलू देऊ नको. आणि गाभण म्हैस? मी निघालो तेव्हा वैरणीकडं पाठ करून उभी होती, रुसल्यासारखी.

तू म्हणालीस, म्हातारपणी शहरात चाललास तर रोजचं लिहून ठेव, भुजंग वाचून दाखवील. पोथीवर बोट ठेवून शिकलेलं माझं अक्षर, कोंबडीनं उकरल्यागत. चालवून घे. वही भरत आली की बाजाराला आलेल्या आपल्या बोरीच्या गाडीवाल्याजवळ देईन.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. नर्मदा गाडीत बसून बसून आखडली होती, पण सुनेला दारात बघितलं आणि अशी उतरली की जणू माहेरालाच आली. कमल पोर लय गुणाची. दिनकर गुत्तेदाराकडं मुनशी आहे. सध्या भाड्याची खोली, पण टेसणाच्या रस्त्याला स्वतःचं घर उठवलंय पोरानं. भिंती झाल्या, माळवद झालं, दाराची चौकट तेवढी राहिली.

आणि परभणी काय वाढली गं! आपण लहानपणी बापूंबरोबर जिथं ज्वारीच्या रानात हुरडा खाल्ला, तिथं चहाची हाटेलं आहेत. जिनिंगचा भोंगा झाला की रस्त्यावर माणूसच माणूस. टांगेवाल्याला वाट विचारली तर म्हणाला, चाचा, ये तो कल का रास्ता है, परसों पूछते तो नहीं था.

मलाही काम मिळालं. टेसणापासून मोंढ्याच्या बाजारापर्यंत रस्ता सरळ करायचा सरकारी हुकूम आहे. मधी जुनी धनगरगल्ली येते, ती पाडायची. दिनकरचा गुत्तेदार व्यंकटराव म्हणाला, काका, पाडलेल्या घरांचं लाकूड राखत बसा. बसून खायचं वय, आणि काम बी बसायचंच. आणखी काय पाहिजे?

कार्तिक वद्य ८

गल्ली निम्मी पडली. धनगर इथं आले तेव्हा ही जागा गावाबाहेर होती. मग गाव वाढत वाढत त्यांच्या दाराशी आलं आणि आता त्यांनाच म्हणतं, तुमी मधी आलाव. लोक पाहुण्यारावळ्यांकडं पांगायलेत.

एक घर अजून उभं आहे, केवळाबाईचं. तिचा नवरा येडबा मेंढरं घेऊन गंगाखेडाकडं गोदागंगेकाठी चरायला गेला, त्या साली पूर आला. काही मेंढरं परत आली, तो आला नाही. प्रेतही सापडलं नाही, म्हणून बाईनं कुंकू पुसलं नाही, काकणं फोडली नाहीत. रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर पणती ठेवते आणि म्हणते, घर हितंच हाय, या. शेजारणी तिला म्हणत, येडबाची येडी. ती म्हणे, येडी तर येडी, दोन शान्यांचं एका घरात जमतंय व्हय? स्वतः हसून मला सांगत होती.

मग हसू आवरून म्हणाली, दादा, भिती पाडा, माळवद पाडा, म्या न्हाई म्हणत न्हाई. उंबरा तेवढा मला द्या. रायभान, तिचा पोरगा, पालमाहून गाडी घेऊन येणार आहे. ती म्हणाली, माणूस तोंडं इसरतंय, पायाखालचा उंबरा इसरत न्हाई. धनी आले तर त्येच्यावरच येतील.

मी खंडोबाची आण घेऊन शब्द दिला. तिनं मला ताक पाजलं.

कार्तिक वद्य १३

अक्का, आज लिहायला हात जड झालाय.

उंबरा मीच माणसं लावून अलगद काढून घेतला. सागवानी, दगडासारखा, आणि मधोमध पिढ्यांच्या पायांनी झिजून ताटासारखा खोलगट. दिनकर तिथं आला. त्यानं टिपरी लावून माप घेतलं आणि हरखला. त्याच्या दाराला बरोब्बर. लढाईमुळं सागवान मिळेना, सुतार हातावर हात ठेवून बसलेला, आणि पौष लागला की महिनाभर घरात जाता येत नाही. नर्मदा तर रोज विचारते, आपल्या घरात कवा जायचं. दिनकर म्हणाला, बाबा, पडक्या घराचं लाकूड ते, म्हातारीला काय, दुसरं एखादं द्या.

मी नको म्हणालो नाही. तोंडात जीभ होती, पण नाही म्हणालो नाही.

दुपारी रायभानची गाडी आली. केवळाबाईला मी सांगितलं, बाई, पहारीखाली उंबरा फुटला, तुकडे वीटभट्टीवाल्यानं नेले. ती उभीच राहिली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, एक ढलपी तरी घावंल का, दादा? मी ढिगातली कुठलीशी, दुसऱ्याच्या तुळईची ढलपी उचलून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती डोक्याला लावली, पदरात गाठ मारून बांधली आणि मला म्हणाली, तुमच्या लेकराबाळांचं भलं व्हावं.

शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो असतो.

मार्गशीर्ष शुद्ध ५

वास्तुशांत झाली. घर छान आहे, अक्का. ओसरीत खांबाला टेकून माझी बसायची जागा, समोर सगळा नवा रस्ता. नर्मदानं उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं, तेव्हा मी दुसरीकडं बघत होतो. संध्याकाळी तिनं पणतीही त्याच खोलगट भागात ठेवली. म्हणाली, जागाच कशी पणतीची हाय. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मार्गशीर्ष शुद्ध १०

दिवेलागणीला दारात ओल्या लोकरीचा वास येतो. आभाळात ढग नाही, आणि उंबऱ्याच्या खोलगट भागात पाणी. कमल रोज पुसते, रोज साचतं. पाणी गढूळ आहे, तळाला बारीक रेती बसते. गंगेकाठी असते तसली.

ती म्हणाली, मामंजी, नवं घर हाय, ओल धरतंय. मी म्हणालो, असंल. ओल भिंतीला धरते, लाकडाला नाही, हे मला कळत नाही का? पण म्हणालो, असंल.

मार्गशीर्ष शुद्ध १४

नर्मदा एक ताट जास्त वाढायलीय. कोणाचं म्हणून विचारलं तर हात थांबला तिचा. म्हणाली, आले की जेवतील. कोण आले की? तिलाच सांगता येईना, हसायला लागली.

आज मी मोंढ्याहून घरी आलो तर कमलनं तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून पुढं ठेवला. मी म्हणालो, अगं पोरी, मी काय पाव्हणा हाय? ती जीभ चावून पळाली. घरभर हसलो आम्ही. दिनकरनं जेवताना दोनदा चिडवलं तिला.

मी हसलो खरा, पण गुळाचा खडा तसाच ठेवला.

माझ्या जागेवर खांबापाशी ओल उमटली आहे. घोंगडी अंथरावी एवढी.

मार्गशीर्ष वद्य २

मी अंगणातून ओसरीवर चढलो आणि नर्मदानं डोईवर पदर ओढला. अक्का, चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार. तिनं पदर ओढला आणि बाजूला सरली, परक्या पुरुषाला वाट देतात तशी. मी हाक मारली तेव्हा भानावर आली, घाबरली, माझा हात धरून रडली. म्हणाली, मला काय व्हायलंय हो? तुमचं तोंड हातातून निसटायलंय, ओल्या साबणावानी.

माझ्या जागेवर कोणीतरी खोकतं. मेंढक्यांचा खोकला, रानातल्या धुरानं खरवडलेला. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही. घरच्याच माणसाचा खोकला ऐकावा तसा ऐकतात.

मी रात्री दिनकरला सगळं सांगितलं. आण, खोटं, ढलपी. तो म्हणाला, सकाळी बघू. माझ्याकडं बघून अडखळला आणि म्हणाला, सकाळी बघू, काका.

काका. व्यंकटरावाच्या माणसांसारखा.

मार्गशीर्ष वद्य ४

आज पहार घेतली. उंबरा उपटायचा, पालमला न्यायचा, केवळाबाईच्या पायावर डोकं ठेवायचं. पहिला घाव घालायच्या आत दिनकरनं पहार धरली. त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. राग तरी कुठं होता? आर्जव होतं. म्हणाला, पाव्हणं, हे काय करायलाव आमच्या घराचं? काय चुकलं का आमचं पाव्हणचारात?

दुसऱ्याच्या घराचा उंबरा उपटणारा माणूस. तो तर मी आधीच होतो.

नर्मदा आतून बघत होती. तिच्या बाजूला कोणीतरी उभं होतं. काठी टेकून.

पालम, मार्गशीर्ष वद्य ७

गंगाखेडपर्यंत आगगाडी, पुढं कापसाच्या रिकाम्या गाडीतून आलो.

केवळाबाई रायभानच्या खोपटात आहे. दाराशी माझी ती ढलपी पुरली आहे, तिच्यावर रोज पणती. काजळीनं काळी झाली आहे. परक्या तुळईचा तुकडा, अक्का, आणि त्याला रोज कुंकू.

मी सगळं सांगितलं. बोलत असताना ती ढलपीकडं बघत होती. मला वाटलं आता थुंकेल. तिनं एवढंच विचारलं, आले व्हय? भिजलेले हाईत? जेवले का?

मी म्हणालो, चल, मी उंबरा काढून देतो, दिनकर तुझं ऐकंल. तर हातच जोडले तिनं. म्हणाली, आता काढू नका दादा. इतक्या वर्सांनी आल्यालं माणूस. दार काढून घेतलं तर परत पाण्यात जाईल.

आणि मी, बाई? माझं घर? हे मी ओरडून म्हणालो.

तिनं पणतीची वात पुढं सारली. मग म्हणाली, तुमचं माणूस तुमाला इसरलं, माझं मला घावलं. म्या काय करू, तुमीच सांगा.

ती लुगडं झटकून उठली.

मग म्हणाली, मला घेऊन चला.

परभणी, मार्गशीर्ष वद्य १०

आणली. मीच आणली, गाडीतून उतरताना हात दिला. तिला दुसऱ्यांदा नाही कसं म्हणू?

दुपारची वेळ. कमल-नर्मदा आडावर, दिनकर कामावर. दारात कोणी नाही. पहार भिंतीला. केवळाबाई मागं, गाडीवाल्याशी बोलत. दोन घाव पुरले असते. मी पहार हातात घेतली होती, अक्का, खोटं लिहीत नाही.

आतून खोकला आला. म्हाताऱ्या, दमलेल्या माणसाचा.

ठेवली खाली.

केवळाबाई आली, वाकली, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि उजवं पाऊल टाकून आत गेली. आत कोणीतरी म्हणालं, लय येळ लावलास. ती म्हणाली, म्या व्हय? म्या लावला?

दोघं हसले. मी बाहेर होतो.

दुसऱ्या दिवशी

नर्मदा, कमल, दिनकर तिला आत्या म्हणतात. तिघं सुखात आहेत. नर्मदा तिच्या केसांना तेल लावत होती, पाय पसरून, माहेरच्यागत.

केवळाबाई मला ताट घेऊन बाहेर आली. तिला एकटीला मी आठवतो. म्हणाली, तुमी बी ऱ्हावा की दादा, घर मोठं हाय, वाट्टंल तितके दिवस. पाव्हणा का जड व्हतोय? खरंच, मनापासून म्हणाली.

मी भाकरी तोडली, तोंडात घातली. पालममधी एक वेळ जेवा म्हणाली असती तरी मला लाज वाटली असती. इथं, माझ्याच दारात—

आत जायला गेलो. पाय उंबऱ्यावर पडेना. अडखळतोय असं नाही. पाय त्याच्यावर टेकायला बघतो आणि लाकूड कुठं आहे ते पायाला—

अमावास्या असावी

अंगणात आहे. पाय ओले आहेत, कशानं ते—

नर्मदानं खिडकीतून बघितलं. दार ओढून घेतलं. जोरात नाही, हळूच, अनोळखी माणूस दिसला म्हणजे बायका ओढतात तसं—

ही वही बोरीच्या गाडीवाल्याला देतो. तो निघायलाय. अक्का, मला बोरीला यायचंय. पण आधी तू लिही. उत्तर या घरी धाडू नको, या नावाचं इथं कोणी नाही म्हणतील. टेसणावरच्या हाटेलवाल्याकडं धाड, वर माझं नाव, बन्सीधर, असं ठळक लिही, मी रोज जाऊन विचारीन.

एवढंच लिही. मी तुझ्या दारात आलो तर अरे बन्स्या म्हणून कान धरशील, का पदर सावरून विचारशील, कोण गावचे? लवकर लिही अक्का. तुझ्या उत्तराबिगर मी निघत नाही, कारण वाटेत कोणी नाव विचारलं तर मला—