उपडे बूट

लुडविग्सहाफेन,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय ऊर्मिलाताई,
सप्रेम जय भीम.

फोनवर आई तुझ्या शेजारी असते, म्हणून लिहितेय. इकडे थंडी सुरू झालीय. यशपाल कामासाठी हॅम्बर्गला गेला होता, परवाच परतला. कपिलला मराठीत काहीही विचारा, उत्तर जर्मनमध्येच. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोलिश लेखिका, हालिनाबाई, आठवतात ना? तीन वर्षांपूर्वी तू इथे होतीस तेव्हा रोज दुपारी त्यांच्याकडे चहाला जायचीस. मला वाटायचं, दोघी मोडक्या इंग्रजीत हवापाण्याचं बोलत असतील. त्यांची खेड्यातल्या कष्टकऱ्यांवरची कादंबरी आता जर्मनमध्ये आलीय. पेपरांत कौतुकच कौतुक. पोलंडचं खेडं इतकं खरं कुणी लिहिलंच नव्हतं म्हणे.

मी वाचली. त्यात एक मजूर विहिरीतला गाळ काढायला उतरतो. उतरण्याआधी बूट काढून उपडे ठेवतो. का, ते लिहिलेलं नाही. ताई, बाबा चपला उपड्या ठेवायचे, विंचू शिरू नये म्हणून. आई अजून सांगते. पोलंडातल्या मजुराला विंचवाची कसली भीती?

माझं डोकंच फिरलं. आधी यशपालवर संशय घेतला. "तूच बोललास ना त्यांच्याशी?"

"मला चपलांचं माहीतच नाही गं," तो म्हणाला.

मग वाटलं, बाईंनीच माझं काहीतरी ऐकून ठेवलं असणार. काल सरळ खाली गेले. "हा माणूस कोण?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुझे वडील. ऊर्मिलाने सांगितलं. लिहू का विचारलं, तर म्हणाली, लिहा, पण गाव तुमचं ठेवा."

"आणि पुढचं? ते तरी तुमचं ना?"

"मी फक्त गाव बदललं, क्षमा."

ताई, तू आणि आईने मला सांगितलं होतं, विहिरीची कड कोसळली आणि बाबा जागीच गेले. पुस्तकात तो कमरेपर्यंत गाडलेला आहे, हाका मारतोय. भाकरी घेऊन आलेली त्याची मुलगी मालकाच्या घरी धावते. तिथे लग्न. "पंगत उठू दे, मग बघू." मुलगी विहिरीवर परत येते आणि हाका थांबेपर्यंत काठावर ओणवी होऊन त्याच्याशी बोलत राहते.

तू बारा वर्षांची होतीस, ताई. तू कुठल्याच लग्नात जेवत नाहीस. मला वाटायचं, तुला बाहेरचं सोसत नाही.

रागावले नाही, असं खोटं लिहिणार नाही. परक्या बाईला सांगितलंस आणि मला नाही. आईला तरी यातलं माहीत आहे का? की तिच्यापासूनही झाकून ठेवलंस?

फोनवर काही सांगू नकोस. डिसेंबरात मी एकटीच येतेय. बाबा शेवटी काय बोलले, ते पुस्तकात नाही. बाईंना विचारलं. म्हणाल्या, "तेवढं ऊर्मिलाने मला दिलं नाही."

तेवढं मला दे.

तुझ्याच तोंडून ऐकायला येणारी,
क्षमा