शेवटच्या केळीपर्यंत पाणी

बाबा,

तुमच्या वाडीच्या तिन्ही वह्या मी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या. उमेळ्याची आपली वाडी आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावर बसून मी हे लिहितेय. ऑफिसच्या कामाला मी एक चॅटचा प्रोग्राम वापरते. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत; काळ्या खिडकीत प्रश्न टाइप करायचा, खाली एआयचं उत्तर उमटतं. त्याला आपल्या गरजेची जोडणी करता येते, म्हणून मी ‘वही’ नावाची एक आज्ञा लिहून जोडली. ती दिली की तो आधी तुमच्या वह्या वाचतो, मग बोलतो. केळींना पाणी कधी दिलं, विहीर कधी उपसली, सगळं धडाधड सांगू लागला. आई म्हणाली, जिवंतपणी एवढं बोलले नाहीत कधी.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप होता. वाडी बिल्डरला द्यायच्या कागदावर तुमच्या शेजारी बसून मीच आधी सही केली आणि पुढच्याच महिन्यात तुम्ही गेलात. त्या सहीबद्दल तुम्ही माझ्यावर रागावला होतात का? उत्तर आलं, बाबांना तुमचा निर्णय मनापासून पटला होता. मी हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसून खरी वही काढली. त्या दिवशीच्या पानावर तुमच्या अक्षरात एकच ओळ आहे: विहिरीचं पाणी दोन हात खाली.

तुम्ही स्वतः पाहिलेलंच वहीत लिहायचात. दुसऱ्या कुणी सांगितलं तर जागा कोरी सोडायचात, जाऊन बघून यायचात, मग लिहायचात. मी नऊ वर्षांची असेन. पाटाचं पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचलं का, ते बघायला तुम्ही मला पाठवता. मी चिंचेखाली खेळत बसते आणि परत येऊन पोचलं म्हणून सांगते. तुम्ही हाताला धरून मला तिथवर नेता आणि कोरड्या मातीत उभं करता. "नाय बघितलं, तं नाय बघितलं सांग. झाड मरतं त्यानं." एवढंच बोललात.

हा प्रोग्रामही चिंचेखालीच बसून आला होता. मी चिडले, पण त्याला मोकळं सोडलं होतं मीच. मग जोडणीत दोन ओळी वाढवल्या: प्रत्येक उत्तरासोबत वहीचं पान सांगायचं, आणि पान सापडलं नाही तर तसं म्हणायचं. पुन्हा तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, वहीत याबद्दल काही नाही. आईलाही विचारून पाहिलं. ती म्हणाली, मला तरी कुठे सांगितलं त्यांनी.

तुम्हाला हेच उत्तर आवडलं असतं, हे मला कळतं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, त्या प्रोग्रामलाही वाचायला द्यायचं नाही, म्हणून कबूल करते. ते पहिलं, खोटं उत्तर मी पुसलेलं नाही. वेगळं जपून ठेवलंय. अधूनमधून उघडून वाचते, आणि पाणी पोचलं असं धरून चालते.