पाच हजार वर्षांची भिंत आणि माझी डागडुजी

४ जून, बोटीवर

या प्रवासात चिडायचं नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे. मुळात मी चिडका नाहीच. लोक चुका करतात, मी त्या दाखवतो. याला कुणी चिडणं म्हणत असेल तर त्याला भाषा येत नाही.

बोट मात्र भिकार. केबिनचं दार बाहेर उघडतं, म्हणजे येणाऱ्याच्या थेट नाकावर. उभा जन्म बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला हे बघवत नाही. बोटीवरच्या एका माणसाला दाखवून दिलं. तो म्हणाला, दार असंच असतं. ही वृत्तीच नडते.

समुद्र खवळलेला. ही, म्हणजे माझी बायको, रेलिंगला टेकून मजेत बिस्किटं खात होती. मला काही झालं नाही. पोट जरा हलकं केलं, इतकंच.

उद्देश लिहून ठेवतो: कन्येला घरी परत आणणे. पुरातत्त्व शिकून ती परदेशातल्या या बेटांवर माती उकरत बसली आहे. माझ्या जुन्या साहेबांचा मुलगा कन्सल्टन्सी चालवतो. त्याच्याकडे तिची जागा पक्की केली. एसी ऑफिस, फिरती खुर्ची. तिला सांगितलेलं नाही, हिलाही नाही. सरप्राइज. कन्या आनंदानं रडेल.

५ जून

उतरलो. कन्या धक्क्यावर नव्हती. व्हॅन घेऊन एक ड्रायव्हर आला होता. म्हणे, पावसाच्या आत चर झाकायचा आहे, मॅडम कामात आहेत. बाप समुद्र ओलांडून येतो आणि मुलगी खड्ड्यावर प्लास्टिक पांघरत बसते. मी एक अक्षर बोललो नाही. ही म्हणते वाटभर तेवढंच बोलत होतो.

बेटावर झाड नाही. गवत, दगड, मेंढ्या आणि वारा. वाऱ्यानं माझी टोपी नेली. एका मेंढीनं तिचा वास घेतला आणि पुढे गेली.

गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंना सांगितलं, खिडकी नीट लागत नाही. त्या म्हणाल्या, लागते, दाबावी लागते. दाबली. हँडल हातात आलं. त्यावर मलाच बोलल्या.

संध्याकाळी कन्या आली. रापलेली, नखांत माती, बुटांवर चिखल. आईच्या गळ्यात पडली. माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, बाबा, प्रवासाचा त्रास झाला ना. मग दोघी स्वयंपाकघरात खिदळत बसल्या. मी आत गेलो तशा गप्प झाल्या. धाक अजून शिल्लक आहे.

नोकरीचं काढलं नाही. वेळ बघून काढावं.

६ जून

साइट पाहिली. गवताच्या टेकाडाखाली दगडी घरं. पाच हजार वर्षांपूर्वीची, असं कन्या म्हणते. दगडाचे पलंग, दगडाची फडताळं, मधोमध चूल, एका घरातून दुसऱ्यात जायला बोळ. बोळ इतका बुटका की डोकं आपटलं. या लोकांत एकही इंजिनिअर नव्हता हे उघड आहे.

एका घरात जरा वेगळं वाटलं. भिंतीला लागून छोटासा पलंग होता. कन्या म्हणाली, हा लहान मुलाचा. त्याची आतली कड गुळगुळीत झालेली, कुणाचा तरी हात फिरून फिरून. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, बाबा, हात नका लावू. इतक्या प्रेमळ आवाजात म्हणाली की मला राग यायला थोडा वेळ लागला. पण आला.

शेवटच्या घराची भिंत पडलेली. दगडांचा नुसता सडा. उरलेल्या भागाचे सांधे एकावर एक, ओळंब्याचं नाव नाही. हे मी त्यांच्या प्रमुख बाईंच्या कानावर घातलं. बाई विजेच्या खांबाएवढ्या उंच. मनात मी त्यांना खांबबाईच म्हणतो. त्या म्हणाल्या, इंटरेस्टिंग. पुढे निघून गेल्या, पण जाताना पुन्हा म्हणाल्या, इंटरेस्टिंग. छाप पडली.

कन्या दिवसभर त्याच सड्यातला एकेक दगड ब्रशनं झाडत होती. घरी या पोरीनं कधी झाडू हातात धरला नाही.

नोकरीचं काढणार होतो, पण वारा फार. अशी बातमी ओरडून सांगण्यात मजा नाही.

७ जून

धुकं. शेजारच्या बेटावर एक प्राचीन थडगं आहे, वर्षातल्या ठरावीक दिवसांत सूर्याचा किरण थेट आतपर्यंत जातो. बघायला जायचं ठरलं होतं. बोट रद्द. बंदराच्या ऑफिसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, साहेब, धुकं आहे. मी म्हटलं, ते मला दिसतंय. तो म्हणाला, तुम्हाला दिसतंय ना, मग झालं तर. त्यानं फोन ठेवला. उद्धटपणाची कमाल.

दुपारी ही गायब. शोधत गेलो तर शेडमध्ये बादली पुढ्यात घेऊन खापऱ्या धूत बसलेली. टूथब्रशनं. भोवती कन्येच्या टीममधली पोरं, आणि ही त्यांना कसलीशी गोष्ट सांगते आहे आणि ती हसताहेत. घरी बादली उचलली की हिची कंबर धरते. मी कंबरेची आठवण करून दिली. म्हणाली, अहो, इथे दुखतच नाही. मग घरीच का दुखते, याचा तपास करायला हवा.

८ जून

जेवताना कन्येला सांगून टाकलं. कन्सल्टन्सी, एसी, खुर्ची, सगळं.

रडली नाही. चमचा खाली ठेवला आणि विचारलं, बाबा, मी इथे काय शोधते आहे, ते तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, न माहीत असायला काय झालं, जुनी घरं. ती म्हणाली, घरं सापडलेलीच आहेत. ती माणसं घरं सोडून का गेली, ते मी शोधते आहे. फोनवर सांगितलं होतं तुम्हाला.

मी म्हटलं, गेली कारण इथे झाड नाही, वारा आहे आणि खिडक्या लागत नाहीत. यात शोधायचं काय?

ती उठून बाहेर गेली. ताट अर्धं तसंच. हिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की माझीही भूक मेली. म्हटलं, मी तिच्या भल्याचं बोलत होतो. ही म्हणाली, तुम्ही नेहमी तिच्या भल्याचंच बोलता, तिच्याशी कधी बोलता? अशी वाक्यं हिला कुठून सुचतात कोण जाणे. खापऱ्या धुण्याचा परिणाम.

मी शांत आहे. इतका शांत की झोप लागत नाही.

९ जून, रविवार

सुट्टी. टीम थडगं बघायला दुसऱ्या बेटावर गेली, हीसुद्धा. मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. माणसाला स्वाभिमान असतो.

पण दिवस कारणी लावला. मुलीशी बोलायचं कसं, यावर विचार करत साइटकडे गेलो आणि उत्तर समोरच पडलेलं दिसलं. भिंत. कन्येला दगडांचं वेड आहे. मला दगडांतलं कळतं. मग बोलायची गरज काय? भिंत उभी करून दाखवावी. पोरगी आयुष्यभर ब्रशनं जे झाडत बसली असती, ते बापानं एका दिवसात मार्गी लावलं.

भोवती दोरी होती. दोरी सर्वसामान्यांसाठी असते. ओलांडली. दगडांवर चिकटवलेले बारीक नंबर होते, ते मोठ्या निगुतीनं काढून एका डबीत ठेवले. मग थर लावायला घेतले. सांधे मोडून, म्हणजे एकावर एक येऊ न देता, पाचर घालून, दोरीनं लेव्हल घेऊन. पाठ गेली, बोटं सोलली, वाऱ्याला शिव्या दिल्या, पण संध्याकाळपर्यंत भिंत छातीपर्यंत आली. सरळसोट. त्या जुन्या लोकांना जन्मात जमलं नसतं.

खात्याच्या शिस्तीप्रमाणे काम सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा असे फोटो काढलेत. उद्या सकाळी तिचा चेहरा बघायचा आहे.

१० जून

चेहरा पाहिला.

कन्या आली. भिंतीसमोर उभी राहिली, मग खाली बसली. टीममधल्या एका मुलीनं तोंडावर हात ठेवला. खांबबाई म्हणाल्या, हे कुणी केलं? मी पुढे होणार तोच कन्या म्हणाली, मी करायला सांगितलं होतं, बाबांना नीट समजावून सांगायला मी चुकले. आणि मला म्हणाली, बाबा, तुम्ही खोलीवर जा.

मला. खोलीवर जा.

हिनं खोलीत येऊन समजावलं. भिंत पडलेली होती म्हणजे काही बिघडलं नव्हतं, तेच तर त्यांचं काम होतं. कुठला दगड कुठे, कसा, कशावर पडला, त्यावरून कळणार होतं की घर आपोआप ढासळलं, की वादळानं पाडलं, की लोकांनी जाताना स्वतःच्या हातानं लोटलं. अर्ध्या दगडांचे नकाशे काढून झाले होते. उरलेले या आठवड्यात काढायचे होते. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं? ही म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही जेवत होता.

मला आठवलं, आपल्याकडे आधीचा फोटो आहे. धावत गेलो. कन्येनं फोटो मोठा करून पाहिला, खूप वेळ पाहिला. सेल्फी आहे. माझा चेहरा स्पष्ट आला आहे. मागे एका कानाजवळ थोडे दगड दिसतात.

ती म्हणाली, असू दे, बाबा. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मी उत्तर देऊ शकतो.

११ जून

ही म्हणाली की ती भिंत ज्यात आहे तो चर पुढच्या वर्षी कन्येच्या हाताखाली राहणार होता, आता खांबबाई काय ठरवतात कोण जाणे. हे ऐकून डोकंच फिरलं. भिंत मी बांधली. पाठ माझी गेली. आणि नाव मुलीचं? आमच्या खात्यात असले प्रकार पुष्कळ पाहिले. काम एकाचं आणि मेमो दुसऱ्याला. खपवून घेणार नाही.

तडक खांबबाईंच्या शेडमध्ये गेलो. उभ्या उभ्या सांगितलं की तिनं मला काही करायला सांगितलं नव्हतं, तिला पत्ताही नव्हता, दोरी मी ओलांडली, नंबर मी काढले, आणि बोलायचं असेल ते मला बोला. आवाज चढला होता. मधेच जरा घोगरा झाला, इथली हवा दमट आहे.

बाई म्हणाल्या, ठाऊक आहे, भिंतीच्या दुसऱ्या थरात तुमच्या चष्म्याचा डबा बसवलेला आहे. मग म्हणाल्या, चर तिचाच राहील, या बेटावर तिच्याइतकी चिकाटी कुणाकडे नाही. तुमच्यावर गेली असावी.

यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ठरवत बाहेर आलो. दाराशी कन्या उभी होती. सगळं ऐकलं असणार, कारण मी ओरडूनच बोलत होतो. माझ्या सोललेल्या बोटांना मलम लावलं. मी तिला सांगणार होतो ते सांगितलं नाही. काय सांगायचं होतं तेही नीट ठरलेलं नव्हतं.

मग मीच विचारलं, तुला काय वाटतं, का गेली असतील? ती सांगत बसली. बराच वेळ सांगत होती. मधे दोनतीन जागी मला मुद्दे सुचले, ते गिळले. घसा दुखतोय.

१२ जून

रात्री वादळ. सकाळी साइटवर गेलो तर सगळे घोळका करून उभे.

भिंत पडली. माझी. पाया सुटून सगळी बाहेरच्या अंगाला आडवी झाली. शेजारच्या पाच हजार वर्षं जुन्या, ओळंबा नसलेल्या, सांधे न मोडलेल्या भिंतींचा खडाही हलला नाही. असल्या वाऱ्यात कुठलीही नवी भिंत पडेल. कॉन्ट्रॅक्टरला दोष देता आला असता, पण कॉन्ट्रॅक्टर नव्हता.

कन्या बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता रडते आहे. हसत होती. इतकी की गवतावर बसली. मग ही, मग टीम, शेवटी खांबबाईसुद्धा. मला भयंकर राग आला. तो यायलाच हवा होता, म्हणून आला.

बाई म्हणाल्या, दगड आहेत तसेच राहू द्या, दगड कसे पडतात ते मोजायला आयता नमुना मिळाला. कन्येनं ढिगाऱ्याशी पाटी खोचली: आधुनिक बांधकाम, एक नमुना. माझं नाव कुठे घातलेलं नाही. मी ते लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, बाबा, खरंच नाव हवंय? म्हटलं, राहू दे.

साहेबांच्या मुलाला फोन करून कळवलं की तुमची खुर्ची आमच्या मुलीच्या योग्यतेची नाही. तो म्हणाला, ती जागा कधीच भरली गेली. अशा बेजबाबदार लोकांकडे मुलीला पाठवणार होतो.

दुपारच्या बोटीनं निघतो आहे. एकटा. ही हंगाम संपेपर्यंत कन्येजवळ राहते आहे. खापऱ्या फार साचल्यात म्हणे. मी परवानगी दिली. कुणी मागितली नव्हती, तरी दिली.